परदेशीं जाणाऱ्या मालाची साक्ष

माणूस परदेशीं निघाला म्हणजे त्याच्या हातीं पारपत्र लागतें. माल परदेशीं निघाला म्हणजे त्याच्याबरोबर दाखले लागतात. माणसाला निदान तोंड आहे. आपण कोण, कोठले, कशासाठीं आलों, हें त्याला बंदरावर सांगतां येतें. मसाल्याच्या पुड्याला किंवा उटण्याच्या डबीला बोलतां येत नाहीं. तिच्या वतीनें दुसऱ्या कोणी तरी साक्ष द्यावी लागते, आणि ती साक्ष देणाराचा शब्द परक्या मुलखांत मानला जावा लागतो. सरकारी निर्यातदाखला म्हणजे ही साक्ष होय. तो रुक्ष कारकुनी कागद आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु त्या कागदाच्या मागें एका घराची पुंजी, एका गांवाचें नांव आणि कधीं कधीं साऱ्या देशाची पत उभी असते.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागांत पुंडलिकनगर ही वस्ती आहे. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत तेथून फार दूर नाहीं. अशा वस्तींतील एखाद्या गृहिणीचें उदाहरण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. तिच्या हातचें येसर साऱ्या आळींत नांवाजलेलें आहे. भाजलेले गहूं, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची आणि खडा मसाला यांच्या या पिठाची आमटी मराठवाड्यांतील लग्नकार्यांत हटकून असतेच. दिवाळीच्या सुमारास ती उटणेंही करते. दुबईंतील एका दुकानदाराकडून तिला मागणी येते: येसराचे दोनशें पुडे आणि उटण्याच्या शंभर डब्या. घरांत आनंद होतो. परंतु पत्राच्या शेवटच्या ओळींत तो दुकानदार विचारतो कीं, मालाबरोबर कागदपत्रें कोणतीं पाठवाल? येथून खरी परीक्षा सुरू होते. दोन्ही वस्तूंत पडलेली हळद कदाचित् एकाच डब्यांतली असेल. पण कायद्याच्या दृष्टीनें येसर हें अन्न आणि उटणें हें प्रसाधन. दोघांच्या वाटा घराच्या उंबरठ्यापासूनच वेगळ्या होतात.

अशा साक्षीची गरज आजची नव्हे. मुंबई बंदरांतून इंग्लंडला जाणाऱ्या कापसांत सरकी, माती आणि पाणी मिसळून वजन वाढविण्याची खोड एकोणिसाव्या शतकांत इतकी बळावली होती कीं, मुंबई सरकारला १८२९ सालीं तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हां १८६३ सालीं दुसरा कायदा करून कापूस तपासणारे निरीक्षक नेमण्यांत आले. लबाडी थोड्यांची असे, पण भाव सगळ्यांचा पडे. ज्या शेतकऱ्यानें एक खडाही घातला नाहीं, त्याच्या कापसालाही परक्या बाजारांत संशयाचीच किंमत मिळे. निर्यातीच्या दाखल्यांचें सारें शास्त्र या एका अनुभवांत सांठविलेलें आहे.

त्यानंतर एकेक संस्था उभी राहिली. शेतमालाची प्रतवारी व खूण यांचा कायदा १९३७ सालीं झाला; 'अ‍ॅगमार्क' ही घरोघरच्या तुपा-मधावर दिसणारी खूण त्यांतूनच आली. स्वातंत्र्यानंतर १९६३ सालीं निर्यात होणाऱ्या मालाच्या गुणनियंत्रणाचा आणि तपासणीचा स्वतंत्र कायदा झाला, व त्याखालीं निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली. शेतमाल आणि प्रक्रिया केलेलें अन्न यांच्या निर्यातीसाठीं 'अपेडा' हें प्राधिकरण १९८६ सालीं कामास लागलें. मसाला मंडळाचा कायदाही त्याच सालचा. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि प्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० चे. इतकीं नांवें एकदम ऐकून नवख्या माणसाची छाती दडपते. परंतु हे सारे दाखले मिळून अखेर चारच प्रश्नांचीं उत्तरें देतात. माल कोठला? त्यांत कीड-रोग आहे काय? तो खाण्यास निर्धोक आहे काय? आणि चौथा, सर्वांत मार्मिक प्रश्न: जो माल तुम्ही आम्हांला पाठवतां, तो तुम्ही स्वतः वापरतां काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मूळस्थानाचा दाखला देतो. १९२३ सालीं जिनीव्हा येथें जकातीचे विधी सोपे करण्यासाठीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. व्यापारी संघांनीं असे दाखले देण्याच्या प्रघाताला तेव्हांपासून जगभर आधार मिळाला. आज हा दाखला संगणकावरून अर्ज करून मिळतो. त्याचें महत्त्व केवळ औपचारिक नाहीं. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यामधील व्यापारी करार १ मे २०२२ पासून अमलांत आहे. त्यांतील जकातीची सवलत हवी असेल, तर माल खरोखर भारतांत तयार झाला आहे हें ठराविक नमुन्यांतील दाखल्यानें सिद्ध करावें लागतें. दाखला नसेल तर त्याच येसरावर पूर्ण जकात पडते आणि दुकानदाराच्या फळीवर तें महाग होऊन बसतें.

दुसरा प्रश्न कीड-रोगाचा. एका युरोपीय देशाची कीड दुसऱ्याच्या मळ्यांत शिरूं नये म्हणून १८७८ सालीं बर्न येथें करार झाला. त्याला निमित्त होतें द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणाऱ्या व मळेच्या मळे उद्ध्वस्त करणाऱ्या एका किड्याचें. आजची वनस्पति-आरोग्य दाखल्याची पद्धत १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर उभी आहे. ताजीं फळें, भाज्या, बियाणें, अखंड मसाले अशा कच्च्या मालासाठीं तो लागतो. हा कागद किती बलवान् असतो, हें महाराष्ट्राला आंब्यानें शिकविलें.

अमेरिकेनें आपल्या आंब्याला अनेक वर्षें दार बंद ठेवलें होतें. तें २००७ सालीं उघडलें, तें विकिरणाच्या किल्लीनें. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें उभारलेल्या 'कृषक' या केंद्रांत आंब्याला ४०० ग्रे इतकी मात्रा देऊन आंतील किडीचा बंदोबस्त करण्यांत येऊं लागला. अट अशी होती कीं, हें काम अमेरिकेच्या कृषि खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावें. २०२० सालीं महासाथीमुळें त्या निरीक्षकाला येतां आलें नाहीं. आंबा तोच, झाड तेंच, यंत्रही तेंच. केवळ साक्षीदार नाहीं म्हणून २०२० आणि २०२१ या दोन हंगामांत ती वाट बंद राहिली, आणि २०२२ सालीं पुन्हां मोकळी झाली.

युरोपचा धडा याहून कडू आहे. २०१३ सालीं भारतांतून गेलेल्या फळें-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड वा अन्य दोष आढळले. तेव्हां युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून आंबा, वांगीं, कारलीं, पडवळ आणि अळू यांची आयात बंद केली. हापूसचा तो ऐन हंगाम होता. ज्यांच्या पेट्यांत कधीं एक अळी सांपडली नव्हती, त्यांच्याही पेट्या येथेंच राहिल्या. पुढें तपासणीची व्यवस्था घट्ट केली गेली. ४८ अंशांच्या ऊन पाण्यांत तासभर आंबा ठेवण्याची प्रक्रिया रूढ झाली. आणि २०१५ च्या आरंभीं आंब्यावरची बंदी उठली. मराठवाड्याच्या केसर आंब्याला परदेशची वाट सोपी व्हावी म्हणून जालन्यास राज्य कृषि पणन मंडळाचें सुविधा केंद्र आहे. जेथें माल पिकतो तेथेंच तो तपासला जावा, ही दृष्टि त्यामागें दिसते.

तिसरा प्रश्न आरोग्याचा. त्याचें उत्तर डोळ्यांना दिसत नाहीं. तें प्रयोगशाळेंत मिळतें. २००३ सालीं फ्रान्समध्यें भारतीय मिरचीपुडींत 'सुदान' नांवाचा रंग सांपडला. हा रंग कातड्यासाठीं, मेणासाठीं, पोटासाठीं नव्हे. मिरचीला लाली आणण्याच्या कोणा एकाच्या मोहामुळें पुढें साऱ्याच मिरचीपुडीला सक्तीच्या तपासणींतून जावें लागलें. अगदीं अलीकडे, एप्रिल २०२४ मध्यें, हाँगकाँग आणि सिंगापूर येथें काहीं भारतीय तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशकाचे अंश आढळल्याचें जाहीर झालें, आणि त्या देशांकडे जाणाऱ्या मसाल्यांची त्या दृष्टीनें तपासणी मसाला मंडळानें आवश्यक केली.

या बाबतींत द्राक्षबागाईतदारांनीं जें केलें तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. औषधांच्या अंशांवरून युरोपांत अडचणी येऊं लागल्यावर २००६ सालापासून 'ग्रेपनेट' ही नोंदव्यवस्था सुरू झाली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते. प्रयोगशाळेचा माणूस बागेंतून नमुना घेतो. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीवर लक्ष ठेवतें. आणि परदेशांतील दुकानांत मांडलेल्या द्राक्षांचा माग थेट त्या बागेपर्यंत काढतां येतो. एवढें करूनही २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सांपडून फार मोठें नुकसान सोसावें लागलें, कारण तें रसायन तोंपर्यंत तपासणीच्या यादींतच नव्हतें. यादी सुधारली गेली, व्यवहार पुन्हां सुरू झाला. ज्याची तपासणी झाली तेवढ्याचीच साक्ष दाखला देतो. जें तपासलेंच नाहीं, त्याविषयीं तो मुका असतो.

आतां चौथा प्रश्न, आणि त्याबरोबर उटण्याची डबी. मुक्त विक्रीचा दाखला म्हणून एक कागद असतो. हा माल उत्तम आहे असें त्यांत म्हटलेलें नसतें. हा माल आमच्या देशांत कायद्यानें तयार होतो व मोकळेपणानें विकला जातो, एवढेंच त्यांत असतें. ज्या देशाला आपल्या घरीं जें विकण्याची लाज वाटते, तें त्यानें दुसऱ्याच्या दारांत टाकूं नये, असा त्याचा मथितार्थ. परकीय व्यापार महासंचालनालय हा दाखला देतें. प्रसाधनांच्या बाबतींत राज्याचें अन्न व औषध प्रशासनही देतें. काहीं देश त्या कागदावर आपल्या वकिलातीचा शिक्का मागतात. काहींना १९६१ च्या हेग करारांतील 'अपोस्टिल' ही मोहोर पुरते, आणि तो करार भारताला २००५ सालापासून लागू आहे.

मात्र येथें पुंडलिकनगरच्या त्या गृहिणीला एक सत्य स्वीकारावें लागतें. प्रसाधन स्वयंपाकघरांत करून त्याला असा दाखला मिळत नाहीं. त्यासाठीं परवाना असलेली जागा, शिकलेला जाणकार माणूस आणि प्रत्येक घाण्याची नोंद लागते. स्वतःचा कारखाना नसेल, तर दुसऱ्याच्या परवानाप्राप्त कारखान्यांत आपल्या नांवानें माल करून घेण्याची तरतूद नियमांत आहे. तिच्यासारखीला तीच वाट परवडणारी. दुसरी सावधगिरी डबीवरच्या शब्दांची. त्वचा स्वच्छ करतें, कांति उजळते, असें लिहिलें तर उटणें प्रसाधन राहतें. खरूज बरी करतें, डाग घालवितें, असें लिहिलें कीं तें औषधाच्या वर्गांत ओढलें जातें, आणि मग परवाना वेगळा, तपासणी वेगळी, दाखलाही वेगळा.

हा शब्दच्छल नव्हे. १९५२ सालीं केशव विष्णु पेंढरकर यांनीं मुंबईंत सुरू केलेल्या 'विको' या मराठी उद्योगाला याच प्रश्नानें जवळजवळ तीस वर्षें न्यायालयांत उभें केलें. त्यांचा दंतमंजनाचा चूर्ण-लेप आणि हळदीचें मलम हीं आयुर्वेदीय औषधें कीं प्रसाधनें, हा अबकारी खात्याशीं वाद १९७८ सालीं सुरू झाला. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिल्यावर तो मिटला. एवढ्या मोठ्या उद्योगाला जें झेपलें, तें चार भिंतींतल्या उद्योगाला झेपणार नाहीं. म्हणून आपली वस्तु कोणत्या वर्गांत बसते, हें छपाईच्या आधीं ठरवावें. छापून झाल्यावर नव्हे.

येसराचेंही तसेंच. तें मसाला ठरेल कीं तयार पीठ, हें प्रथम निश्चित करावें लागतें. जगांतील जकातखात्यांनीं प्रत्येक वस्तूला अंक दिले आहेत, आणि त्यांतले पहिले सहा अंक बहुतेक सर्व देशांत सारखेच असतात. तो अंक सांपडला म्हणजे पुढची वाट उजळते. मग आयात-निर्यातीचा दहा अक्षरांचा सांकेतांक घ्यावा. तो आतां आयकराच्या स्थायी खाते क्रमांकाशीं एकरूप झाला आहे. अन्नपरवाना निर्यातीला पुरेसा आहे कीं नाहीं तें पाहावें. ज्या मंडळाकडे वस्तु जाते, तेथें नोंदणी करावी. नंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा, आणि निकाल हातीं आल्यावर दाखल्यासाठीं अर्ज करावा. खरेदीदाराच्या देशाला कोणता कागद हवा, हें सर्वांत आधीं त्या खरेदीदाराकडून लेखी मागवून घ्यावें. अर्धीं संकटें केवळ हें न विचारल्यानें येतात.

या क्रमांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां विसरली जाते. प्रयोगशाळेचा निकाल हा करणाराच्या कीर्तीचा नसतो, त्या विशिष्ट घाण्याचा असतो. गेल्या महिन्यांतील येसर निर्दोष निघालें म्हणून या महिन्याचें निर्दोष ठरत नाहीं. मिरचीचें पोतें बदललें असेल, पावसाची ओल लागली असेल. 'सगळे दाखले आणून देतों, नमुन्याची गरज नाहीं' असें सांगणारा दलाल भेटला, तर तो वेळ वांचवीत नसून पत विकीत आहे असें समजावें.

कागदाची चूक मालाच्या दोषाइतकीच घातक ठरते. मे २०२५ मध्यें नवी मुंबईंत विकिरण होऊन अमेरिकेस गेलेल्या आंब्यांच्या सुमारें पंधरा खेपा तेथील विमानतळांवर नाकारल्या गेल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. वाद किडीचा नव्हता. प्रक्रियेच्या नोंदींविषयींचा होता. फळ परत आणण्याचा खर्च फळाच्या किंमतीहून जड, म्हणून तें तेथेंच नष्ट करावें लागलें. वर्षभर राखलेल्या झाडाचें फळ एका नोंदीपायीं मातीस मिळालें. लाखोंचा व्यवहार करणारा व्यापारी असा धक्का एखादे वेळीं पचवील. दागिने गहाण ठेवून पहिली खेप पाठविणारें घर तो पचवूं शकत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, परदेशीं असलेल्या मुलाला आई लाडू पाठविते, तेव्हां हे दाखले कोठें असतात? प्रश्न रास्त आहे. घरीं केलेला खाऊ आपल्या माणसाला भेट म्हणून पाठविणें आणि माल विकणें, यांत कायदाही भेद करतो. अमेरिकेंत अन्नाची खेप येण्यापूर्वीं द्यावी लागणारी सूचनाही अशा घरगुती भेटीला माफ आहे. तरी बियाणें, ताजीं फळें, दुधामांसाचे पदार्थ यांवर अनेक देशांत निर्बंध आहेतच. मुलगा आईचा हात ओळखतो, म्हणून त्याला साक्ष नको. दुबईच्या दुकानांतलें गिऱ्हाईक तो हात ओळखत नाहीं. त्याला साक्ष हवी.

एकट्या गृहिणीला हा भार जड वाटला, तर नवल नाहीं. परंतु त्यावर तोडगाही महाराष्ट्रांतच सांपडतो. १९५९ सालीं मुंबईच्या गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. आज 'लिज्जत' पापड देशोदेशीं जातो. त्यांच्या पद्धतींतलें मर्म असें कीं, पीठ एका ठिकाणीं तिंबलें जातें, लाटणें घरोघरीं होतें, आणि आलेला पापड पुन्हां एका ठिकाणीं पारखून घेतला जातो. परवाना, प्रयोगशाळा, नोंदवह्या यांचा खर्च एकीला न परवडणारा. पांच-पंचवीस जणींना मिळून परवडणारा. शिवाय एकमेकींच्या मालाला एकमेकी जामीन राहिल्या म्हणजे तपासणी दारांतच सुरू होते.

आणि शेवटीं प्रश्न राहतो घरच्या ताटाचा. निर्यातीचा माल निवडून, धुवून, तपासून बोटीवर चढवायचा आणि नाकारलेला माल मुकाट्यानें आपल्या बाजारांत ओतायचा, अशी रीत पडली तर मुक्त विक्रीच्या दाखल्यांतील वाक्य खोटें पडतें. परदेशचा अधिकारी पुड्यावरचा घाणाक्रमांक, तारीख, परवान्याचा अंक वाचतो. आपल्या घरांत तो किती जण वाचतात? बाजारांतून मिरचीपूड किंवा उटणें आणतांना तेवढे तीन अंक पाहण्याची संवय लागली, आणि ते नसतील तर पुडा परत ठेवण्याचा निश्चय झाला, तर दुकानदार पुढच्या खेपेस अंक असलेलाच माल आणील. पुंडलिकनगरची गृहिणी मग दुबईसाठीं एक येसर आणि शेजारणीसाठीं दुसरें असें करणार नाहीं. एकाच घाण्यांतलें येसर दोन्हीकडे जाईल, आणि त्याच्या दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा हात अडखळणार नाहीं.